सव्वाचार वर्षांच्या मुलीच्या डोक्यात उवा. दोनदा औषध लावलं, तरी परत. कुठे चुकतंय?

भिंगवाला बाबा

मुलगी सव्वाचार वर्षांची. केस कुरळे, दाट, खांद्याच्या खाली. तिची आई कामासाठी महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असते, त्यामुळे वेणीफणीचं खातं माझ्याकडे. मला दोन वेण्या घालता येतात, सागरवेणी येत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे "बाबांना काय जमणार" हा मुद्दा निकालात निघेल.

तीन आठवड्यांपूर्वी रात्री गोष्ट ऐकताना ती सारखी मान खाजवत होती. कानामागे पाहिलं तर बारीक लाल पुरळ आणि केसांना पांढुरके ठिपके. कोंडा असेल म्हणून झटकला, तर हलेना. माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा, डोळ्याला भिंग लावायची सवय. भिंगातून पाहिलं आणि पोटात गोळाच आला. केसाच्या एकाच बाजूला, जरा तिरकं चिकटलेलं थेंबाच्या आकाराचं अंडं, वर इवलंसं झाकण. त्याच्या शेजारून एक ऊ चालत गेली. दोरीवरून जावं तशी, सहा पायांनी आलटून पालटून केस पकडत. पायाच्या टोकाला आकडा असतो आणि तो केसावर असा चपखल बसतो की माझा चिमटासुद्धा बारीक स्प्रिंगवर तसा बसत नाही. मी बघतच राहिलो. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, बिघाड सापडला का?"

तर आतापर्यंत केलेले उद्योग असे.

पहिल्या दिवशी दुकानातून परमेथ्रिन १ टक्क्याचं लोशन आणलं. केस गुंतू नयेत म्हणून आधी शाम्पू, मग भरपूर कंडिशनर, मग लोशन. दहा मिनिटांनी धुतलं. फणीत मेलेल्या उवा निघाल्या, मी खूश. चौथ्या दिवशी एक बारीकसं पिल्लू फिरताना दिसलं. हातपाय गळाले. त्याच संध्याकाळी पुन्हा लोशन. त्यानंतर आठवडाभर शांतता, मग परत खाजवणं सुरू. काल तिच्या मानेवर दोन चांगल्या धष्टपुष्ट सापडल्या.

दरम्यान पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, सोफ्याची खोळ उसवून काढली (ती अजून परत शिवायची आहे). तिचा कापडी ससा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर ठेवला. त्याचं नाव टिकटिक. टिकटिकला श्वास कसा येत असेल, या प्रश्नावर रोज रात्री रडारड.

घरात आम्ही तिघंच: मी, लेक आणि माझी आई. लेकीचं डोकं रोज बघतो. माझं मी आरशात पाहिलं. तिथे लपायला जागाच फारशी उरलेली नाही, त्यामुळे प्रश्न मिटला.

आता मुद्दा. बालवाडी सुरू होऊन पाच आठवडे झालेत. तिच्या शेजारी बसणारी एक मुलगी सारखं डोकं खाजवते, हे मी स्वतः सोडायला गेलो तेव्हा पाहिलंय. उद्या बाईंना सांगणार आहे की आधी त्या मुलीचं बघा, तोवर माझी घरी राहील. यात काही चूक आहे का? औषध बोगस आहे की उवा निगरगट्ट झाल्यात? लिखा एकेक करून काढाव्याच लागतात का? आणि ससा कधी सोडायचा?

जुळ्यांची आई

दादा, तुमचं वाचून मला आमचे दिवस आठवले. आमच्याकडे दोन डोकी. एकीचं साफ करेपर्यंत दुसरी येऊन तिला टेकलेली असायची.

औषधाचं जाणकार सांगतील, मी फणीचं सांगते. तुम्ही रोज "बघता" म्हणालात. बघून काही होत नाही. कोरड्या केसात उजेड पडला की ऊ सुसाट पळते. तुम्ही बट उचलेपर्यंत ती पलीकडच्या बटेत. केस ओले हवेत आणि त्यावर कंडिशनर चांगला थापलेला हवा. त्या बुळबुळीत लगद्यात ती जागच्या जागी थिजते आणि फणीत येते.

आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने सगळा गुंता काढा, कुरळ्या केसांत हे टाळलं तर पोरगी दुसऱ्यांदा जवळ येणार नाही. मग केसांचे चार भाग करून चिमटे लावा. एका वेळी बोटभर रुंदीचीच बट घ्यायची. फणी मुळाशी, कातडीला टेकवायची आणि टोकापर्यंत एका दमात ओढायची. प्रत्येक वेळी पांढऱ्या टिश्यूवर पुसायची आणि बघायचं. हे बघणं खरं. टिश्यूवर पांढऱ्या फेसात तपकिरी ठिपका आणि त्याचे पाय हलताना दिसले की कळतं. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, त्यांना तिथलीच ऊब आवडते. तुमच्या लेकीच्या केसांना अर्धा तास सहज लागेल. आम्ही तेवढा वेळ कार्टून लावून द्यायचो, तत्त्वं नंतर पाळली.

पहिला दिवस, मग पाचवा, नववा आणि तेरावा. सतराव्या दिवशी नुसती तपासणी. मध्ये एक जरी मोठी ऊ सापडली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. यात दांडी मारली की संपलं. आम्ही दोनदा मारली, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय.

फणी धातूच्या दातांची घ्या. आमची पहिली प्लॅस्टिकची होती, तिचे दात तिसऱ्याच दिवशी फाकले आणि उवा मजेत आरपार. दोन दातांमधली फट ०.३ मिलिमीटरहून कमी हवी. तुम्ही घड्याळजी, तुम्हाला हे मोजता तरी येईल. आम्ही आपलं डोळ्यांनी.

आणि न्हाऊ घालून उवा बुडत नाहीत बरं. पाण्याखाली श्वासाची छिद्रं मिटून केस धरून तासन्‌तास राहतात. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनलाही दाद देत नाहीत.

स्पष्टवक्ता

एवढा घोळ कशाला? रॉकेल चोळा, फडकं बांधा, तासाभरात साफ. आम्ही नाही का वाढलो? नाहीतर सरळ मशीन फिरवा. केस काय, परत येतात.

काउंटरमागचा (फार्मासिस्ट)

रॉकेलचं आधी निपटतो. लहान मुलाच्या डोक्याला रॉकेल म्हणजे कातडी भाजणं, डोळ्यात जाणं, वाफा छातीत जाणं, आणि जवळपास कुठे ज्योत असेल तर आगच. रॉकेल किंवा पेट्रोल डोक्याला लावून माणसं जळालेली आहेत. ढेकणांचा, झुरळांचा फवारा किंवा कुत्र्याच्या गोचिडांचं औषध यांनाही हेच लागू. मशीन फिरवण्याबद्दल: उपाय चालतो, पण सव्वाचार वर्षांच्या मुलीला स्वतःचे केस ही मोठी इस्टेट असते आणि त्याची गरजही नाही.

आता भाऊ, तुमच्या औषधाचा पंचनामा.

पहिल्या दिवशी फणीत मेलेल्या उवा निघाल्या, असं तुम्हीच लिहिलंत. म्हणजे औषध पूर्ण बोगस नाही. परमेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा बऱ्याच देशांत आहेत, हे खरं. पण त्याची खूण वेगळी असते. लोशन लावल्यावर आठ-बारा तासांनीसुद्धा त्या पहिल्याइतक्याच तरतरीत फिरताना दिसतात. तुमच्याकडे तसं झालेलं नाही. तुमच्याकडे दोन चुका झाल्या, आणि दोन्ही नेहमीच्या. माझ्या काउंटरवर रोज ऐकतो.

एक, कंडिशनर. त्याचा थर केसावर बसतो आणि लोशन केसाला धरत नाही. लोशनच्या आधी फक्त साधा शाम्पू, टॉवेलने टिपून ओलसर ठेवलेले केस, मग लोशन मुळापासून टोकापर्यंत, दहा मिनिटं घड्याळ लावून, मग धुणं. जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त मरतात असं नाही. पुढचे एक-दोन दिवस डोकं धुवायचं नाही. जुळ्यांच्या आईंनी सांगितलेलं कंडिशनरचं काम वेगळ्या दिवशीचं. लोशनच्या दिवशी नाही, फणीच्या दिवशी. घोटाळा इथेच होतो.

दोन, तारीख. ही चूक मोठी. परमेथ्रिन चालती-फिरती ऊ मारतं, लिखेच्या आतली नाही. लिख फुटायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. बाहेर आलेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी ९ ते १२ दिवस. म्हणजे दुसरा हात अशा वेळी मारायचा की जवळजवळ सगळ्या लिखा फुटलेल्या असतील, पण आधी फुटलेल्यांपैकी कुणी अजून अंडी घालायला लागलेली नसेल. तो मुहूर्त नवव्या दिवसाच्या आसपास येतो. तुम्ही चौथ्या दिवशी मारलात. तोवर बाहेर आलेली मेली. पाचव्या ते दहाव्या दिवशी जी बाहेर आली, त्यांच्या वाटेला औषध आलंच नाही. ती पंधरा दिवसांत मोठी झाली आणि काल तुम्हाला मानेवर भेटली. आठवडाभराची शांतता म्हणजे पिल्लं लहान होती, एवढंच. मोठी मादी दिवसाला आठेक अंडी घालते, त्यामुळे दोन दिसल्या म्हणजे दोनच आहेत असं समजू नका.

लिखा एकेक काढायलाच हव्यात असं नाही. दोन्ही वेळची औषधं वेळेवर झाली तर रिकाम्या टरफलांनी काही बिघडत नाही. दिसायला वाईट, शिवाय नवी कुठली नि जुनी कुठली हा गोंधळ, म्हणून काढायच्या. दोन नखांत धरून केसावरून सरकवत.

परमेथ्रिन नको असेल तर डायमेथिकोन आहे. हे सिलिकॉन, कीटकनाशक नाही. उवेला वरून लपेटून टाकतं, त्यामुळे तिला त्याची सवय होऊन बसण्याचा प्रश्न कमी. ते सहसा आठ तास किंवा रात्रभर ठेवतात आणि आठवड्याने परत लावतात. काही प्रकार पेट घेणारे असतात, तेव्हा ते लावलेलं डोकं ज्योतीजवळ न्यायचं नाही. पाकिटावरचं वाचा, माझं नाही. आणि घरात लिंडेनची (उवांचं जुनं कीटकनाशक) एखादी जुनी बाटली निघाली तर मुलांना अजिबात नको. त्याचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर औषध नाहीच, फक्त फणी.

लोशन धुताना बेसिनवर डोकं वाकवून धुवा, डोळ्यांवर टॉवेल. खाजवून जखमा झाल्या असतील, त्यातून पाणी किंवा पू येत असेल, मानेला गाठी आल्या असतील तर डॉक्टरांना दाखवा. तिथे उवांचं नाही, जखमेचं औषध लागतं.

घर. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्ताशिवाय एक-दोन दिवसांत मरते. उडी मारत नाही, उडत नाही, डोक्याला डोकं लागलं की सरपटत जाते. पडद्यांचा काही गुन्हा नव्हता. मागच्या दोन दिवसांतले अभ्रे, टॉवेल, टोप्या निदान ५४ अंशांच्या गरम पाण्यात धुवा, फण्या तेवढ्याच गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवा, बस. पिशवीत बंद ठेवायच्या वस्तूला दोन आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी. टिकटिकने तीन आठवडे काढलेत. त्याला आज सोडा.

बालवाडीच्या बाई (निवृत्त)

बाबा, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. घरात तीन माणसं आहेत म्हणालात. लेकीचं डोकं पाहिलंत, स्वतःचं पाहिलंत. तिसऱ्या डोक्याचं काय?

दुसरं. उद्या बालवाडीत जाण्याआधी एक मोजमाप करा. ऊ अंडं घालते ते केसाच्या मुळाशी, कातडीपासून साधारण ६ मिलिमीटरच्या आत, कारण त्याला डोक्याची ऊब लागते. एकदा चिकटलं की ते तिथून हलत नाही. मग केस वाढतो आणि लिख त्याच्याबरोबर वर वर जाते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे लिख मुळापासून किती लांब आहे यावरून ती कधी घातली याचा अदमास येतो. तुमच्याकडे भिंग आहे, मोजायची साधनं आहेत. सगळ्यात लांबची लिख शोधा. कुरळा केस सरळ ताणून मोजा.

हे का सांगते? खाज लगेच सुटत नाही. उवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी व्हावी लागते आणि पहिल्यांदाच झालेल्या उवांत त्याला चार ते सहा आठवडे सहज जातात. तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी दिसल्या, पण त्या आधीपासून असणार. वर्गात इतकी वर्षं काढल्यावर सांगते, "अमक्याच्या मुलीमुळे माझ्या मुलीला झाल्या" असं म्हणत आलेल्या पालकांना मी आधी खुर्ची द्यायचे, मग पाणी, आणि मग पट्टी.

बाईंना जरूर सांगा, पण स्वतःच्या मुलीचं सांगा. "हिच्या डोक्यात निघाल्या, औषध चालू आहे, बाकीच्यांचंही सगळ्यांनी घरी बघावं." त्या मुलीचं नाव नको. खाजवणारं प्रत्येक मूल उवांचं नसतं. आणि लेकीला घरी ठेवू नका. डोक्यातल्या उवा रोग पसरवत नाहीत. पहिलं औषध झालं की मूल वर्गात बसू शकतं, केस बांधून पाठवा म्हणजे झालं. चार वर्षांच्या मुलीला घरी बसवलं की तिला एवढंच कळतं की आपण काहीतरी घाण केलं. उवांना स्वच्छ डोकं आणि मळकं डोकं यातला फरक कळत नाही, तो आपण करतो.

भिंगवाला बाबा

सगळ्यांचे आभार. फार्मासिस्ट भाऊ, सेकंदाचा हिशोब ठेवून पोट भरणारा माणूस मी, आणि चार नि नऊ यात गल्लत केली. हे दुकानात कुणाला कळू देणार नाही.

ससा काल संध्याकाळी सुटला. तिने आधी त्याच्या कानामागे पाहिलं, मग मिठी मारली.

बाई, तुमच्या सांगण्यावरून व्हर्नियर काढला. मानेजवळच्या लिखा ३ ते ५ मिलिमीटरवर. त्या ताज्या, भिंगातून तपकिरी आणि भरलेल्या दिसतात. मग ११, १८, २२. सगळ्यात लांबची उजव्या कानामागे, २९ मिलिमीटर. पांढरी, चमकणारी, झाकण उघडलेलं. मी तीनदा मोजली, कारण पहिल्या दोन वेळा आकडा आवडला नाही. महिन्याला सेंटिमीटर धरला तर साधारण अडीच महिने झाले. बालवाडीला पाच आठवडे.

म्हणजे ज्या पोरीवर मी डोळे वटारून होतो, तिचा काही संबंध नाही. उलट आमचीनेच तिला दिल्या नसतील ना, अशी आता शंका आहे. सकाळी बाईंना तुमच्याच शब्दांत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, सगळ्यांना घरी बघायला सांगते." एवढंच. मी रात्रभर भाषण तयार केलं होतं.

राहिलं तिसरं डोकं. लेक रात्री आजीच्या कुशीत झोपते, दोघींची उशी एक. मी विषय काढला तर आई म्हणाली, "या वयात माझ्या डोक्यात कसल्या उवा? वयामुळे कातडी कोरडी पडते, तो कोंडा आहे." वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग लेकीला पुढे केलं. ती म्हणाली, आधी आजीची फणी, मगच माझी. आजीचा इलाज चालेना.

आईने अंबाडा सोडला. केस पातळ झालेत, पण अजून पाठीच्या मध्यापर्यंत येतात. मी त्यांना कधी हात लावल्याचं आठवत नाही. चार भाग केले, चिमटे लावले, कंडिशनर थापला. (लोशन परवापासून, भाऊ. काल फक्त फणी.) पहिल्याच फेरीत टिश्यूवर चार. दुसरीत तीन. लेक मोठ्याने मोजत होती, दहाच्या पुढे तिला येत नाही म्हणून परत एकपासून. एकूण एकोणीस निघाल्या. लेकीच्या डोक्यात चौदा.

आई काही बोलली नाही. माझ्याकडून भिंग मागून घेतलं, डोळ्याला लावलं आणि टिश्यू उजेडात धरून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "पाय बघ कशी झाडतेय." आणि अंगठ्याच्या नखावर दुसरं नख ठेवून टिक. लेकीला तो आवाज भलताच आवडला. ससा उगाच आणून दिला असं झालं.

जुळ्यांची आई

एकोणीस! आणि म्हणे कोंडा. दादा, आता दोघींचं एकाच दिवशी, वहिनी आल्या की त्यांचंही. आमची दुसरी फेरी याचमुळे वाढली होती, घरातलं एक डोकं "माझ्यात नाहीत" म्हणत सुटलेलं. नाव घेत नाही, तो शेजारीच बसून हे वाचतोय.

भिंगवाला बाबा

सतरावा दिवस झाला म्हणून कळवतो.

लोशन पहिल्या आणि नवव्या दिवशी, दोघींना, कंडिशनरशिवाय, दुकानातलं थांबघड्याळ लावून. पाचव्या आणि तेराव्या दिवशी ओल्या केसातली फणी. पाचव्या दिवशी लेकीची तीन पिल्लं, आईची दोन. या वेळी हातपाय गळाले नाहीत, कारण ती येणार हे माहीत होतं. नवव्या दिवशी लेकीचं एक, आईचं काही नाही. बायको त्याच दिवशी परत आली. दारातच फणी हातात घेऊन उभा होतो. तिच्यात एकच निघाली, पण मोठी. बाहेरगावी हॉटेलात हिला घेऊन पंधरा दिवस फिरले, हे तिला अजून पचलेलं नाही. तिला त्याच दिवशी लोशन लावलं, तिची मोजणी अजून चालू आहे. तेराव्या दिवशी तिन्ही टिश्यू कोरे. आज लेक आणि आई, दोघींचे पुन्हा कोरे.

फण्यांपैकी एकीची फट मोजली, ०.४ निघाली. पाकिटावर फोटो झकास होता. ती आता घड्याळाच्या चेनमधला मळ काढायला वापरतो.

उरलंय ते एवढंच, की अडीच महिन्यांपूर्वी आल्या कुठून. बायकोने कॅलेंडर काढलं. आई तेव्हा महिनाभर मावशीकडे राहून नुकतीच परतली होती. दोघी बहिणी एकाच गादीवर, रात्रभर गप्पा. मावशीला फोन करायलाच हवा, नाहीतर पुढच्या मुक्कामात सगळं परत. पण करायचा कुणी, यावर आठवडा गेला. काल आईने स्वतःच लावला. आधी तब्येत, मग गुडघे, मग कुणाच्या सुनेचं काय झालं. अर्ध्या तासाने सहज विचारावं तसं म्हणाली, "का गं, तुझं डोकं खाजतं का?"

पलीकडून बराच वेळ आवाजच नाही.